मागची सीट

१

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती एका सीटपायी.

माणसं कशाकशानं जागतात. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. आमच्या कळंबहून राळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर टीव्हीवाल्यांची एखादी गाडी थांबायची आणि खिडकीतून कुणाच्या तरी घराचा पत्ता विचारायची. झोप उडावी अशी कारणं आजूबाजूला ढिगानं पडली होती. आणि मी, बी.ए. बी.एड., चार वर्षांच्या मुलीची आई, फिरत्या पंख्याकडे बघत विचार करत होते की बुलेटची मागची सीट आता पलंगाखाली आहे, तर उद्यापासून मी बसायचं कुठं.

धम्मरत्न, म्हणजे माझा नवरा, राळेगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होता. (नाव लिहिताना घेते. तोंडानं घेत नाही, सासूबाईंसमोर तर नाहीच.) चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळूच ओढायचा, आणि धागा किती लांब आहे ते सांगायचं, असं त्याचं काम. हंगाम सुरू होण्याआधी तो गावोगाव जाऊन उभं पीक बघायचा. राळेगाव, वडकी, त्याच्याही पलीकडे. रोजचा रस्ता लांब. त्यासाठी वर्ध्याच्या एका निवृत्त फौजीची जुनी बुलेट घेतलेली. तिची पुढची सीट वेगळी, मागची वेगळी. मागची ती माझी. रविवारी मी एका बाजूला पाय सोडून बसायची, आमची मुलगी मैत्री पुढं टाकीवर, आणि आम्ही बाभुळगावला माझ्या माहेरी जायचो. लग्नानंतर माझ्या मालकीची अशी ती एकच जागा होती, असं म्हटलं तर घरातले हसतील. मीही हसते. पण होती.

त्या जागेवर धम्मरत्ननं सॅटेलाईट रेडिओची अँटेना बसवून आणली.

रेडिओचा डबा टाकीवर, रेक्झिनच्या पिशवीत. दोन छोटे स्पीकर हँडलपाशी. आणि मागची सीट काढून तिथं लोखंडी पट्टीवर एक चपटी काळी पाटी, वहीएवढी, आभाळाकडे मान वर केलेली. बसवली आमच्या चौकातल्या रामधन मिस्त्रीनं. त्यालाच मी विचारलं की ही मागंच कशाला.

"वहिनी, तिचं तोंड उपग्रहाकडे पाह्यजे," रामधन म्हणाला. "उपग्रह तिकडे, राळेगावच्या अंगानं, वर. गाडी तिकडे चालली की बाई बोलते. गाडी घराकडे वळली की तिची पाठ होते, मंग गप्प."

"कोणाची पाठ?"

"अँटेनाची," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा चमकून बघितलं.

"म्हणजे येताना वाजत नाही?"

"जातानाच पाह्यजे ना आवाज," धम्मरत्न म्हणाला. "येताना तर घर दिसते."

वाक्य किती चांगलं होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईनं ते उशाशी घेऊन झोप काढली असती.

२

आमच्या घरात उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाहीत. तसं कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पण माझ्या सासूबाई, कांताबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), त्यांच्याकडे हा नियम पंचशीलाच्या खालोखाल. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरहून आल्या आल्या देव्हारा उचलला. नवस गेले, अंगारे गेले, अमावस्या-पौर्णिमेची भीती गेली. 'येतो' तेवढं राहिलं.

"देव नका मानू बापा," आत्याबाई म्हणायच्या. "पण येतो म्हणा. जातो म्हणून निंघाला अन् गेला, अशा घरी मी भाकर घेऊन गेलती. एकाच घरी नाही."

मैत्रीलाही पहिला धडा हाच मिळालेला. बालवाडीला निघताना ती उंबऱ्यावर थांबायची आणि आजीच्या तोंडाकडे बघून "येते" म्हणायची. मगच तिला आजीचा पापा मिळायचा.

तर धम्मरत्न सकाळी "येतो" म्हणून निघायचा, फाट्यावरून गाडी पूर्वेला वळायची, आणि तिथून राळेगावपर्यंत ती बाई त्याच्याशी बोलायची. मराठी गाण्यांचं स्टेशन होतं ते. दोन गाण्यांच्या मधे ती बोलायची. रात्री जेवताना ते मला कळायचं.

"आज तिनं जुनी गाणी लावलती."

"कोणी?"

"तिनं."

नाव नव्हतं. नाव सांगत नाही म्हणे.

"अन् म्हणे, ऊन बम आहे, पाणी पीत जा."

"तुम्हाला म्हणे?"

"अवं, सगळ्यांले सांगते ते. रेडिओ आहे तो."

आत्याबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "बरं आहे. फुकट काळजी करणारी भेटली."

मी हसले. पण मी लग्न झाल्यापासून त्या सीटवर बसून त्याच्या पाठीशी बोलत आले होते. डाळ संपली, मैत्रीला दात आला, शिक्षकभरतीची जाहिरात निघाली. हेल्मेटच्या आतून उत्तर एकच, "हं." आणि हिची वाक्यं त्याला तोंडपाठ. मी स्वतःला समजावलं की साधना, तू एका उपग्रहावर जळते आहेस. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता तुला.

समजलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, तिचा आवाज कसा आहे.

त्यानं विचार केला. हेच मला खुपलं, की त्यानं विचार केला. कापूस ओढताना करतो तसा, डोळे बारीक करून.

"लांब धाग्याचा," तो म्हणाला.

३

मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते एका रविवारी सकाळी. गाडी धुवायला म्हणून त्यानं अंगणाच्या टोकाला उन्हात उभी केली होती, तोंड पूर्वेला. रेडिओ चालू. मी स्वयंपाकघरात, खिडकीशी.

आवाज खरंच बरा होता. भारी नाही, नाटकी नाही. शिकलेली बाई पण शेजारची, असा. गाणं संपलं, ती शुद्ध भाषेत पुढच्या गाण्याबद्दल काहीतरी बोलली, संगीतकार वगैरे. मग मधेच थांबली. रेडिओवर थांबतात तशी नाही. घरात कुणी बोलता बोलता कान देतं, तशी. आणि म्हणाली,

"दूध पाह्य वो. मले वास येऊन राह्यला."

मी वळले. दूध पातेल्याच्या काठावर थरथरत होतं. गॅस बंद केला तेव्हा एक थेंब बाहेर आला होता, तेवढाच. बाहेर गाणं सुरू झालं.

मी पातेल्याकडे बघत उभी राहिले आणि शिकलेल्या बाईनं करावा तसा विचार केला. जाहिरात असेल. दुधाच्या पातेल्याची, गॅसची, कशाचीही. श्रुतिका असेल, त्यात वऱ्हाडी पात्रं घालतात हसवायला. सकाळी त्या वेळी निम्म्या महाराष्ट्रात दूध तापत असतं. योगायोगाला फार मोठं अंगण लागत नाही.

सगळं पटलं. फक्त 'वास येऊन राह्यला' ते पटेना. जाहिरातीत वासाचं कोण सांगतं.

"तुम्ही ऐकलं का, ती काय म्हणाली?" मी अंगणात जाऊन विचारलं.

धम्मरत्न चाकाच्या तारा पुसत होता. "गाणं लागलं होतं ना," तो म्हणाला.

मैत्री पायरीवर बसून पाव खात होती. ती म्हणाली, "दूध."

४

दिवाळीनंतर कापूस यायला लागला तसा त्याचा उशीरही वाढला. हंगामात होतोच. पण आता तो वडकीच्याही पुढं जाऊन यायचा. जिथं जिनिंगचं काहीच काम नव्हतं, अशा गावांची नावं जेवताना निघायची.

"तिकडे कायले गेलते?"

"रस्ता चांगला आहे तो. सरळ आहे."

सरळ, म्हणजे पूर्वेला. म्हणजे ती तुटत नाही. मला नकाशा कळतो. त्याचं घर ज्या दिशेला होतं, त्या दिशेला तोंड केलं की ती गप्प व्हायची. आणि त्याला ती गप्प झालेली नको होती. यात भुताटकी काही नाही, अगदी साधं आहे. म्हणूनच जास्त लागत होतं.

मग एका सकाळी तो हेल्मेट घेऊन उंबऱ्यावर आला, बूट चढवले, आणि म्हणाला,

"जातो."

आत्याबाई सुपात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

"काय म्हटलं तू?"

"काय म्हटलं?"

"येतो म्हण."

"तेच म्हटलं ना माय," तो म्हणाला, आणि हसला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं आपण काय म्हटलं ते. हे मी त्याच्या तोंडावर बघितलं, आणि आत्याबाईंनीही. त्यांनी त्याला आत बोलावलं, पाणी प्यायला लावलं, पाटावर क्षणभर बसवलं, परत निघायला लावलं. तो "येतो" म्हणाला. गाडी सुरू झाली. फाट्याला वळेपर्यंत तिची धडधड ऐकू येत राहिली.

"साधना," आत्याबाई सूप हातात तसंच धरून म्हणाल्या, "तुझं काही बिनसलं काय त्याच्याशी?"

"नाही."

"मंग तू बोलत जा त्याच्याशी. बाई बोलत नसली की माणूस कोठीही कान देते."

दुपारी मी पलंगाखालून सीट ओढून काढली. झाडून ठेवावी म्हणून. खरं म्हणजे तिच्याजवळ बसावं म्हणून. जुन्या वाकळीत मीच गुंडाळून ठेवली होती. वाकळ सोडली तर रेक्झिनवर धूळ. घरातली धूळ करडी आणि मऊ असते, गोळ्यांची. ही पिवळट होती, मुरमाची, रस्त्याची. शिवणीत कापसाचे तंतू अडकलेले. आणि मधोमध दबलेलं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं. मी त्यावर तळहात ठेवला.

कोमट होतं.

खिडकीतून ऊन येतं. येतं, पण पलंगाखाली येत नाही. मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, शेजारच्या विमलताईंचं आहे, ते येतं कधी कधी. कापूस तर त्याच्या शर्टावरून घरभर होतोच. मी वाकळ परत गुंडाळली, दोरी बांधली, आणि गाठ मारताना माझ्या लक्षात आलं की आधीही मी दोरी बांधली होती. अशीच. मांजराला गाठ सुटत नाही.

५

उपाय मला सुचला त्याचा मला अजूनही थोडा अभिमान वाटतो. नवरा ज्या दिशेला ती बोलते त्या दिशेला जातो. मग दिशा फिरवली तर?

हंगामात गाडी सर्व्हिसिंगला रामधनकडे आली, त्या दिवशी मी मैत्रीला कडेवर घेऊन गेले.

"भाऊ, ती अँटेना उलटी करता येते का?"

"उलटी म्हणजे?"

"तोंड मागं. म्हणजे गाडी घराकडे येताना ती उपग्रहाकडे बघेल."

रामधननं पान्याला लागलेलं तेल पुसलं. "करता येते ना. चार नट हायेत. पण मंग जाताना गप्प राहीन."

"राहू द्या."

"अन् येताना बोलन. पार दारापर्यंत."

"तेच पाहिजे."

तो हसला. "साहेबाले घरी आणाचा कावा आहे, वहिनी. बम डोकं लावलं." मग नट सैल करता करता, सहज म्हणून, "पण जे जाताना त्याच्या पुढं पुढं जात होतं, ते आता त्याच्या मागं मागं घरी येईन. पाहून घ्या."

मी म्हटलं, रेडिओ आहे तो.

पहिल्या आठवड्यात मी जिंकले. धम्मरत्न उजेडी घरी यायला लागला. राळेगावहून निघाला की त्याला मधे थांबवत नव्हतं. अँटेना फिरलेली त्याला पहिल्याच दिवशी दिसली होती. तो म्हणाला, रामधननं उलटी बसवली वाटते, पण बरं आहे, असू दे. सकाळी उंबऱ्यावर तो बिनचूक "येतो" म्हणायला लागला. आत्याबाईंनी एका रविवारी पुरणपोळी केली, कारण काहीच न सांगता. मी रात्री गाढ झोपायला लागले.

जेवताना तो म्हणाला, "आता ती घरापर्यंत येते."

"कोण?"

"ती. फाट्यापासून बोलतच येते. तिचा आवाज तुझ्यासारखाच वाटते वो. आधी नव्हतं वाटत."

लाजायचं की घाबरायचं ते मला कळेना. मी त्याला भाजी वाढली. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या आवाजाबद्दल काढलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि तेही दुसरीचं कौतुक करताना.

६

आमच्या गच्चीवरून राळेगावचा रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि त्या दिवसांत कापसानं भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रक जाऊन जाऊन काट्यांना पांढऱ्या झिपऱ्या लटकलेल्या. मी वाळवण काढायला संध्याकाळी वर गेले होते. ऊन उतरलेलं, पण उजेड भरपूर. लांबून बुलेट येताना दिसली. आधी ठिपका, मग आवाज, मग आकार.

गाडीवर दोघं होते.

मागं कुणीतरी बसलं होतं. एका बाजूला पाय सोडून, बायका बसतात तसं. डोकं पुढच्याच्या खांद्याशी झुकलेलं, कानाशी. वाऱ्यानं पदराचं काहीतरी हलत होतं.

मी सुपात मिरच्या भरत राहिले. मला वाटलं, जिनिंगमधल्या कुणा बाईला सोडायला आणली असेल. मग मला पहिली गोष्ट आठवली ती रागानंच आठवली: तिथं सीट नाही. पट्टी आहे लोखंडाची. तिथं कुणाला बसताच येत नाही. ही माझी अडचण तिला नाही काय.

गाडी फाट्याशी वळली, विमलताईंच्या घरामागं गेली. अंगणात आली तेव्हा एकटा धम्मरत्न होता. मागं ती काळी पाटी, मान वर करून.

पाटीच असणार. लांबून काहीही दिसतं. पण पाटीला पदर नसतो, हे मनात येईपर्यंत खाली गाडी नेहमीसारखी कडुनिंबाखाली उभी राहिली होती. इंजिन बंद झालं होतं. सायलेन्सर गार होताना टिक टिक वाजत होता. आणि रेडिओ बोलत होता.

कडुनिंबाखाली तो कधी वाजत नाही. पानांतून उपग्रह दिसत नाही. धम्मरत्ननंच मला शिकवलं होतं ते.

काय बोलत होती ते वरून कळलं नाही. स्वर कळला. संध्याकाळी घरी आल्यावर बाई आपल्या लेकराशी बोलते, तो. दिवसभर काय खाल्लं, कुणाशी भांडली, गुडघा कशानं फुटला. आणि मैत्री टाकीला गाल लावून उत्तरं देत होती.

मी जिन्यावरून कशी उतरले आठवत नाही. तिला उचलून घरात आणली.

"मैतू, त्या रेडिओतल्या बाईशी बोलायचं नाही."

"बाई नाही. आई आहे."

"आई मी आहे."

"तू आहे," ती म्हणाली, मोठ्या माणसाची समजूत घालावी तशी. "पण आई संध्याकाळी येते."

"मी दिवसभर इथंच असते ना, बेटा."

मैत्रीनं माझ्याकडे नीट बघितलं. ओळखीच्या पाहुणीकडे बघतात तसं, हसून. "हाव," ती म्हणाली. "ती म्हणते, तू चांगलं सांभाळते मले."

७

मग देवानं नाही, बाजारानं सोडवलं. वर्ष संपता संपता कळलं की ती रेडिओची कंपनीच गुंडाळली. एका सकाळपासून सगळी स्टेशनं बंद. धम्मरत्ननं गाडी चारी दिशांना फिरवून पाहिली. नुसती खरखरही नाही. पिशवीतला तो डबा नुसता डबा.

"गेली," तो म्हणाला. चेहरा उतरला होता. घरात कुणी गेल्यासारखा तो दोन दिवस अर्ध्या भाकरीवर उठत होता, आणि मी, मला सांगायला लाज वाटत नाही, दोन दिवस स्वयंपाक करताना गुणगुणत होते. मैत्रीनं संध्याकाळी पायरीवर बसून वाट पाहिली, रडली, आणि तिसऱ्या दिवशी विमलताईंच्या मांजरात रमली. लेकरं विसरतात. तेवढंच एक चांगलं आहे त्यांचं.

मी स्वतः सीट रिक्षात घालून रामधनकडे नेली. त्यानं अँटेना काढली, सीट बसवली, ठोकून बघितली.

"बसून पाहा वहिनी."

"रविवारी बसते," मी म्हटलं. "बाभुळगावला जायचं आहे."

"तशी दबलेलीच हाये," तो रेक्झिनवरून फडका फिरवत म्हणाला. "वापरातली दिसते."

मी त्याला पैसे दिले आणि घरी आले. पलंगाखाली वाकळ उरली होती. ती धुऊन उन्हात टाकली.

८

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर निघायचं ठरलं. मी जांभळ्या काठाची साडी काढली, जी धम्मरत्नला आवडते असं मी धरून चालते. केसांत शेवंती माळली. आरशात बघून स्वतःला म्हटलं की बघ, किती साध्या गोष्टीसाठी किती जागरणं केलीस. आतल्या खोलीत आत्याबाई आडव्या झाल्या होत्या. बाहेर बुलेटला किक बसली, दुसरी बसली, आणि गाडी धडधडायला लागली.

पर्स घ्यायला मी पुन्हा आत वळले. पर्स खुंटीवर नव्हती. कपाटात नव्हती. तेवढाच वेळ गेला.

"साधना, निंघाली काय?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

"येते, आत्याबाई."

उत्तर अंगणातून आलं. माझ्या आवाजात. आणि माझं तोंड मिटलेलं होतं.

"हाव. सावकाश जा," आत्याबाई म्हणाल्या, आणि खाटेवर कूस बदलल्याचा आवाज आला.

मी दारात आले. गाडी कडुनिंबाला लागून उभी होती, तोंड रस्त्याकडे. झाडाच्या बुंध्याआड तिचा मागचा भाग होता. इकडून मला धम्मरत्न दिसत होता, हेल्मेटची काच खाली ओढलेला, आणि पुढं टाकीवर मैत्री, दोन्ही हातांनी हँडल धरून. झाडामागून डोकावणारं मागचं चाक दबलेलं होतं. दोघांचं वजन असलं की दबतं, तेवढं.

"बसली काय नीट?" धम्मरत्ननं मान किंचित मागं करून विचारलं. माझ्याकडे नाही. मागं. उत्तर मला ऐकू आलं नाही. तो मात्र हसला. हेल्मेटमधून हसू दिसत नाही, खांद्यांवरून कळतं. लग्नानंतर सुरुवातीला तो तसा हसायचा.

बुंध्याच्या कडेला साडीचा घोळ लोंबत होता, पायापाशी गोळा करून धरायचा राहून गेलेला. काठ जांभळा होता. मी माझ्या काठाकडे बघितलं. मग त्या काठाकडे.

हाक मारायला हवी होती. अहो म्हणायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण एका बाजूला मला हेही वाटलं, आणि तेच सगळ्यात वाईट आहे, की ही आपल्याहून नीट बसली आहे. तोल सांभाळून. त्याला कुठंही जड न होता.

धम्मरत्ननं गिअर टाकला. मैत्रीनं वळून पाहिलं तेव्हा तिला मी दारात दिसले, उंबऱ्याच्या आत, पायात चपला घातलेली.

"मैतू," मी म्हणाले. एवढंच निघालं. "मैतू, उतर. आईकडे ये."

ती थांबली. बापाच्या हाताखालून मागं वाकली, कान देऊन कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, शहाण्यासारखी मान हलवली. मग माझ्याकडे बघून, बालवाडीत कविता म्हणते तसं, एकेक शब्द जपून म्हणाली,

"आई म्हणते, ती येते म्हणाली ना. आता तू जाते म्हण."